एक लॅटिन शब्द : लाबोर

रोम नगरीत पँथिऑन नावाचे एक प्राचीन देवालय आहे. मार्कुस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सलपदी असताना हे बांधले, असे त्याच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत कोरलेले आहे. वस्तुतः अग्रिप्पाचे देवालय केव्हाच जळून गेले. आज दिसणारी वास्तू इ. स. १२५ च्या सुमारास, सम्राट हाद्रियन याच्या कारकिर्दीत पुरी झाली. ज्याचे नाव कोरले त्याने ती उभारली नाही. आणि ज्यांनी विटा भाजल्या, चुना कालवला व तो प्रचंड घुमट रचला, त्यांचे नाव तेथे शोधूनही सापडत नाही.

या विसंगतीचे मर्म लॅटिन भाषेतील दोन शब्दांत साठवलेले आहे. ‘काम’ या अर्थी त्या भाषेत ‘ओपुस’ असा एक शब्द आहे आणि ‘लाबोर’ असा दुसरा. ओपुस म्हणजे हातावेगळे झालेले काम, कृती. बांधकाम हे ओपुस, ग्रंथ हाही ओपुस. बेथोव्हेनच्या संगीतरचनांना जे क्रमांक दिलेले असतात त्यांच्यामागे हाच शब्द असतो. लाबोर या शब्दाची दृष्टी मात्र फळाकडे नाही. ती काम करणाऱ्याच्या देहाकडे आहे. उचललेले ओझे, गळालेला घाम, आलेला शीण हे सारे लाबोर. म्हणून त्यापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ ‘राबणे’ असा होतो, तसाच ‘पीडित असणे’ असाही होतो. संधिवाताने पाय दुखणारा रोमन मनुष्य पायांनी ‘लाबोर’ करी. ग्रहण लागले की आकाशातला चंद्रही ‘लाबोर’ करी! मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘फार कष्ट झाले’ आणि ‘कष्टाची भाकर’ या दोन प्रयोगांत आपला ‘कष्ट’ हा शब्द नेमके असेच दुहेरी काम करतो.

परंतु श्रम आणि वेदना ही एकच नव्हेत, हेही रोमनांनी ओळखले होते. इ. स. पू. ४५ मध्ये लिहिलेल्या ‘तुस्कुलुम येथील संवाद’ या ग्रंथात सिसेरोने हा भेद सेनापती मारिउसच्या उदाहरणाने स्पष्ट केला आहे. मारिउसच्या पायांवरील फुगलेल्या शिरा वैद्याने कापल्या, तेव्हा त्याने भोगली ती वेदना. रणरणत्या उन्हात त्याने सैन्य चालवत नेले, तेव्हा त्याने केले ते श्रम. ग्रीकांना या दोहोंसाठी एकच शब्द पुरतो, असा टोमणाही सिसेरो जाता जाता मारतो. मात्र सेनापतीच्या श्रमांचा गौरव करणाऱ्या याच सिसेरोने पुढच्याच वर्षी ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथात मजुरीला हीन ठरवले. ज्याचे कौशल्य नव्हे, तर नुसते राबणे विकत घेतले जाते, त्याची मजुरी म्हणजे त्याच्या गुलामगिरीचा विसारच होय, असे त्याचे मत. श्रम थोर, पण श्रमिक नीच, असा हा न्याय होता.

हा न्याय पालटण्यास शतके लागली. सम्राट सेप्टिमिउस सेवेरुस इ. स. २११ मध्ये ब्रिटनमधील यॉर्क येथे मृत्युशय्येवर होता. त्या वेळी सैनिकांना त्याने दिलेला परवलीचा शब्द ‘आपण श्रम करू या’ अशा अर्थाचा होता, असे एका प्राचीन चरित्रग्रंथात म्हटले आहे. सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनो येथे संत बेनेडिक्ट याने आपल्या मठाची नियमावली रचली. तीत प्रार्थना व वाचन यांच्या जोडीला हातांचे श्रम हेही साधूंचे नित्यकर्म ठरले. स्वतःच्या हातांनी राबून जगतात तेच खरे साधू, असे ती नियमावली सांगते. ‘प्रार्थना करा आणि श्रम करा’ हे प्रसिद्ध बोधवचन मात्र तीत नाही. ते पुढील काळात रूढ झाले. गुलामांच्या माथी मारलेले काम आता ईश्वरभक्तांच्या दिनचर्येत आले, हे परिवर्तन लहान नव्हते.

पुढे वेगवेगळ्या भाषांत या शब्दाला निरनिराळी रूपे लाभली. फ्रेंच भाषेत त्यापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ प्रामुख्याने ‘नांगरणे’ असा उरला. इंग्रजीत तो मजुरीला लागला आणि प्रसूतिवेदनांनाही. तेथे त्याचा जुना दुहेरी स्वभाव अद्याप टिकून आहे. इटालियनमध्ये तो ‘लाव्होरो’ झाला आणि कोणत्याही कामाचे सर्वसाधारण नाव बनला. १ जानेवारी १९४८ रोजी इटलीची नवी राज्यघटना अमलात आली. इटली हे श्रमावर अधिष्ठित असे लोकशाही प्रजासत्ताक आहे, अशी घोषणा तिच्या पहिल्याच कलमात आहे, आणि तेथे योजलेला शब्द हाच ‘लाव्होरो’ होय.

ज्या रोममध्ये देवालयाच्या माथ्यावर श्रमिकाला जागा मिळाली नाही, त्याच रोममध्ये राज्याच्या पायाशी श्रमाचे नाव आले. शब्दाला अशी प्रतिष्ठा लाभली, तरी ती राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला किती आली, हा प्रश्न उरतोच. वास्तू पाहताना तिच्या कर्त्याचे नाव वाचणे सोपे असते. तिच्यात मुरलेले कष्ट मात्र ओळखावे लागतात.