आखातात बायको-मुलांना न्यायचंय? भंडारा जिल्ह्यातून फॅमिली व्हिसाचे कागद असे जुळवा

आपल्याकडच्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी दुबई, रियाध, दोहा नाहीतर कुवेतला आहे. दोन वर्षांनी महिना-दीड महिना सुट्टी आणि मग पुन्हा विमानतळ. अशात पगार थोडा बरा झाला की पहिला विचार येतो तो बायको-मुलांना सोबत नेण्याचा. फॅमिली व्हिसाचा अर्ज तिकडे, नवऱ्याच्या नावावर होतो. पण अर्ज अडतो तो बहुतेक वेळा इथल्या कागदांवर. निकाहाची नोंद, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्टावरची नावं हे सगळं भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथेच दुरुस्त होतं. तिकडे बसून ते होत नाही.

आधी पगाराचा हिशोब करावा, कागदांवर खर्च नंतर. संयुक्त अरब अमिरातीत बायको-मुलांना न्यायला महिना किमान ४,००० दिरहम पगार लागतो. कंपनीने घर दिलं असेल तर ३,००० दिरहम चालतात. शिवाय घराचा भाडेकरार दाखवावा लागतो. म्हणजे लेबर कॅम्पात बेडवर राहणाऱ्याला हा रस्ता सरळ नाही. कुवेतने बराच काळ बंद ठेवलेला फॅमिली व्हिसा जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा उघडला तो ८०० दिनार पगाराच्या अटीवर. सौदीत मामला वेगळा आहे. तिथे इकाम्यावरचा पेशा पाहतात, आणि घरच्या प्रत्येक माणसामागे महिना ४०० रियाल फी आहे. ही फी २०१७ मध्ये १०० रियालपासून सुरू झाली आणि दरवर्षी १०० ने वाढत २०२० मध्ये ४०० वर गेली. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाला १४,४०० रियाल फक्त फीचे. शाळा आणि घरभाडं त्यात आलेलंच नाही. हे गणित जुळत नसेल तर कायमचा फॅमिली व्हिसा सोडून व्हिजिट व्हिसावर शाळेच्या सुट्टीत बोलावणं शहाणपणाचं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

निकाहनामा आहे, मग अजून काय पाहिजे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. काझी साहेबांनी दिलेला निकाहनामा शरीयतप्रमाणे पुरेसा आहे, त्यात वाद नाही. पण परदेशी कचेरीला आपल्या सरकारचा शिक्का हवा असतो, आणि सरकार शिक्का मारतं ते सरकारी नोंदणीच्या दाखल्यावर. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं होतं. गावात ही नोंद ग्रामसेवकाकडे होते, शहरात नगरपरिषदेत. निकाहानंतर ९० दिवसांत केली तर उत्तम. उशीर झाला असेल तरी दंड भरून होते, दहा वर्षं झाली म्हणून घाबरायचं कारण नाही.

नोंदणीला नवरा-बायको दोघं आणि तीन साक्षीदार समोर लागतात. अर्जावर निकाह पढवणाऱ्या काझींची सही लागते. इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण नवरा तिकडे असतो. म्हणून सुट्टीवर आल्यावर पाहुणचार आणि दावती नंतर, आधी पहिल्या आठवड्यात हे काम उरकून घ्या. काझी साहेब वयस्क असतील तर त्यांची सही पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या, आणि भाषांतरात नावांचं स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणेच लिहायला सांगा. भाषांतर करणारा उर्दूत दिसेल तसं लिहितो आणि मग 'परवीन'चं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं होतं.

नावांचा घोळ

विदर्भातल्या मुस्लिम घरांतला हा जुना आजार आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर 'शेख सलीम शेख रहीम' असं लिहिलेलं असतं. पासपोर्टात मात्र आडनाव आणि नाव असे दोन वेगळे रकाने असतात. मग एका भावाचं आडनाव 'शेख' होतं, तर दुसऱ्याचं 'शेख रहीम'. बायकांचं त्याहून कठीण. आधारवर 'शबाना बी', शाळेच्या दाखल्यावर 'शबाना परवीन', निकाहनाम्यात 'शबाना बानो' आणि मुलाच्या जन्मदाखल्यात नुसतं 'शबाना'. आपल्याला माहीत आहे की बाई एकच आहे. दुबईतल्या खिडकीवरच्या माणसाला ते माहीत नाही, आणि त्याने विश्वास ठेवावा अशी अपेक्षाही करू नये.

उपाय एकच. घरातल्या कोणाचा पासपोर्ट तयार असेल तर तो पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. नवऱ्याचा पासपोर्ट आणि इकामा बदलणं सगळ्यात महाग पडतं, म्हणून बायको-मुलांचे कागद त्याच्या पासपोर्टावरच्या स्पेलिंगप्रमाणे करा. फरक मोठा असेल, म्हणजे नावच वेगळं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. नुसतं नोटरीचं प्रतिज्ञापत्र प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही.

मुलांचा जन्मदाखला हा आई-बाप आणि मूल यांचं नातं सांगणारा कागद. त्यावर मुलाचं नाव आहे का ते आधी बघा. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा नाव ठेवलेलं नसतं, म्हणून तो रकाना कोरा राहतो आणि वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही. जन्माच्या नोंदीत नाव पहिल्या वर्षात फुकट लिहून मिळतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत फी भरून. हातानं लिहिलेला जुना मराठी दाखला असेल तर मराठी-इंग्रजी असा छापील नवा दाखला काढा. ज्यांची जन्मनोंदच झालेली नाही त्यांचं काम आता लांबलं आहे. उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि राज्य शासनाने २०२५ मध्ये ही तपासणी बरीच कडक केली. हे काम शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टासाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव इकडे जन्मलेल्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'जि. भंडारा' आहे आणि आज काढलेल्या जन्मदाखल्यावर 'जि. गोंदिया'. घरातल्या बुजुर्गांचे कागद त्याहून पुढचे. १९५६ च्या आधी भंडारा मध्य प्रदेशात होता, त्यामुळे कुठे कुठे राज्यही वेगळं दिसतं. ही चूक नाही, इतिहास आहे. पण पासपोर्टावर आणि जन्मदाखल्यावर जन्मठिकाण एकसारखं ठेवलं की समजावत बसावं लागत नाही.

पासपोर्टासाठी आपण नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो. लहान मुलाच्या पासपोर्टाला आई-वडील दोघांची संमती लागते. वडील परदेशात असतील तर त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासातून प्रतिज्ञापत्र करून पाठवायचं. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, म्हणून मोठ्या मुलाचा कधी काढला होता ते तपासा. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर आधी नवा काढा.

यानंतर शिक्क्यांचा प्रवास. विवाहाचा आणि जन्माचा दाखला आधी मंत्रालयातल्या अधिकृत विभागाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित होतो. पुढे देशाप्रमाणे वाट बदलते. सौदी, ओमान आणि बहरीन हे अपोस्टिल करारात आहेत, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागलं की इथलं काम संपतं. सौदी ७ डिसेंबर २०२२ पासून यात आला, म्हणून त्याआधी गेलेल्या भावाचा किंवा मित्राचा अनुभव आता लागू नाही. अमिराती, कतार आणि कुवेतसाठी मात्र त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो आणि तिकडे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. या तिन्ही देशांच्या वकिलाती मुंबईत आहेत. भंडारा रोडवरून विदर्भ एक्सप्रेस थेट मुंबईला जाते, पण परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये आहे, वर एजन्सीचा सेवा आकार. एजंट हजारो रुपये सांगतो तेव्हा त्यातलं सरकारचं किती आणि त्याचं किती हे लिहून मागा.

आणि हो, कागद लॅमिनेट करू नका. जपून राहावा म्हणून आपण प्लास्टिकमध्ये बंद करतो आणि मग त्यावर ना शिक्का बसतो ना स्टिकर. केलं असेल तर सरळ नवी प्रत काढा.

दहावी न झालेल्या बहिणींच्या पासपोर्टावर ईसीआर असा शेरा असतो. तो पाहून घरचे घाबरतात. ही अट नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे, नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्या बायकोला एमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. फक्त विमानतळावर फॅमिली व्हिसाची छापील प्रत आणि निकाहाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. ईसीआरच्या यादीत १८ देश आहेत आणि त्यात थायलंडही आहे, तिकडे कोणाचं माणूस असेल तर हेच लक्षात ठेवावं.

अम्मी-अब्बूंना बोलवायचं असेल तर पुरावा उलट्या बाजूने लागतो, म्हणजे मुलाच्या जन्मदाखल्यात किंवा पासपोर्टात आई-वडिलांचं नाव. अब्बूंच्या पासपोर्टात 'अब्दुल रहीम' आणि मुलाच्या पासपोर्टात वडील 'शेख रहीम' असं असेल तर ते आधी निस्तरा. सौदीच्या फॅमिली व्हिजिट व्हिसावर उमरा करता येतो, हज करता येत नाही. हजच्या दिवसांत व्हिजिट व्हिसावाल्यांना मक्केत जायलाही बंदी असते आणि २०२५ मध्ये त्यासाठी २०,००० रियालपर्यंत दंड होता. कोणी 'आत गेल्यावर बघू' म्हणत असेल तर ऐकू नका, म्हाताऱ्या माणसांना तिथे अडकवणं बरं नव्हे.

अमिरातीचा प्रवेश परवाना निघाल्यावर ६० दिवसांत तिथे पोहोचावं लागतं. मुलांच्या शाळेचा दाखला आणि तिकीट त्या हिशोबाने आधीच ठरवून ठेवा, कारण वार्षिक परीक्षेच्या ऐन मधे परवाना हातात येण्याचे प्रकार नेहमीचे आहेत.