आतड्यांची तब्येत: फायबर, जिवाणू आणि आपलं दस्तरखान

बकरी ईद होऊन चार दिवस झाले की आपल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. पोट साफ होत नाही. कुणी इसबगोल आणायला मेडिकलवर जातो, कुणी एरंडेल घेतो, कुणी नुसताच चहा वाढवतो. रमजानच्या पहिल्या हफ्त्यातही तेच. कब्ज ही काही बीमारी नाही, होतंच असं, म्हणून आपण ते सोडून देतो. पण त्यामागे आतड्यात नेमकं काय चालतं, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे.

फायबर म्हणजे धान्य, डाळी, भाज्या आणि फळांतला तो भाग, जो आपल्या पोटातले पाचक रस तोडू शकत नाहीत. मराठीत त्याला तंतुमय पदार्थ किंवा चोथा म्हणतात. मटण, चिकन, मासळी, अंडी, दूध, तूप यांत तो अजिबात नसतो. पूर्वी डॉक्टरही त्याला बिनकामाचा कचरा समजत. ही समजूत बदलण्यात डेनिस बर्किट या आयरिश सर्जनचा मोठा वाटा आहे. त्यांनी युगांडात बरीच वर्षं काम केलं. तिथल्या खेड्यांतल्या लोकांना बद्धकोष्ठता, मूळव्याध, मोठ्या आतड्याचा कॅन्सर हे आजार फारच कमी होतात, हे त्यांच्या लक्षात आलं. 1972 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर छापलेल्या अभ्यासात दिसलं की खेड्यातल्या आफ्रिकी माणसाचं अन्न साधारण दीड दिवसात शरीराबाहेर पडतं, तर इंग्लंडमध्ये त्याला तीन दिवस किंवा जास्त लागतात. फरक जेवणातल्या चोथ्याचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

बर्किट यांनी चोथ्याच्या वजनावर आणि वेगावर भर दिला. जिवाणूंची गोष्ट त्यानंतर उलगडत गेली, आणि ती जास्त रंजक आहे.

आतड्यातले पाहुणे नव्हे, भाडेकरू

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी नव्हे, खर्व-निखर्व जिवाणू राहतात. एका अंदाजाप्रमाणे शरीरातल्या एकूण जिवाणूंची संख्या सुमारे 38 लाख कोटी आहे, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास. आपल्याला न पचलेला चोथा हेच त्यांचं मुख्य खाणं. ते तो आंबवतात आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट नावाची छोटी आम्लं तयार होतात. यातलं ब्युटिरेट सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली बहुतेक ताकद रक्तातल्या साखरेतून नाही, तर या ब्युटिरेटमधून मिळवतात. ते सूजही आटोक्यात ठेवतं. म्हणजे हे भाडेकरू भाडं देतात, आणि चांगलंच देतात.

त्यांना उपाशी ठेवलं तर? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या आणि लक्झेंबर्गच्या संशोधकांनी 2016 मध्ये उंदरांवर हे करून पाहिलं. अन्नातून फायबर काढून टाकल्यावर काही जिवाणू आतड्याच्या भिंतीवरचं चिकट, बुळबुळीत संरक्षक अस्तरच खाऊ लागले. अस्तर पातळ झालं आणि बाहेरून दिलेल्या रोगजंतूंना भिंतीपर्यंत पोचणं सोपं गेलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण माणसांवरचाही एक प्रयोग आहे. 2015 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 20 आफ्रिकन-अमेरिकन आणि 20 ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांची जेवणं दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकनांना मका, बीन्स, भाज्या असं भरपूर फायबरचं जेवण, आफ्रिकींना बर्गर, फ्राइज असं मांस आणि चरबीचं. अवघ्या दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, सूज कमी झाली. आफ्रिकींमध्ये नेमकं उलट घडलं. कॅन्सर कमी झाला की वाढला हे दोन आठवड्यांत कळत नाही, पण त्याच्याशी जोडलेल्या खुणा इतक्या लवकर बदलतात हे पाहून आम्हालाही आश्चर्य वाटलं.

आपल्या ताटात किती?

जागतिक आरोग्य संघटनेची 2023 ची शिफारस अशी की मोठ्या माणसाने रोज किमान 25 ग्रॅम फायबर अन्नातूनच घ्यावं. आता सकाळी चहाबरोबर दोन पाव, दुपारी पांढरा भात आणि सालन, रात्री बिर्याणी, असा दिवस धरला तर आमच्या हिशेबाने आकडा दहाच्या आसपास अडकतो. 100 ग्रॅम मैद्यात किंवा पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन ग्रॅम. तेवढ्याच ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत दहा-अकरा. अख्ख्या सुक्या चण्यात तर वीसच्या वर. मराठवाडा-खानदेशातल्या आपल्या दादी-नानी ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढल्या. भाकरी गरिबाची आणि मैद्याची रोटी दावतीची, ही समजूत आपण कधी धरली कुणास ठाऊक. कोकणातल्या घरांत तांदळाची भाकरीच चालते. तिथे कुळीथ, वाल, चवळी यांनी भर घालावी.

मुहर्रमचा खिचडा आठवा. गहू, जव, तीन-चार डाळी, आणि त्यात गोश्त. मांस आणि फायबर एकाच देगेत कसं नांदतं, याचा यापेक्षा चांगला नमुना आम्हाला माहीत नाही. आणि तो वर्षातून एकदाच का, हाही सवाल आहेच. गोश्त सोडा असं आम्ही म्हणत नाही. सालनात दुधी, चणाडाळ किंवा भाजी घालून गोश्त थोडं कमी करावं, एवढंच. डाळ-गोश्त, पालक-गोश्त आपल्याकडे नवं नाही. सॉसेज, सलामी, नगेट्ससारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाबाबत मात्र हात आखडता घ्या. 2015 मध्ये कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा मांसाला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं कारण म्हणून नोंदवलं आहे. पाकिटावर हलाल लिहिलं म्हणून तो धोका जात नाही.

रमजानमध्ये इफ्तारला खजूर घेतोच. तीन खजुरांतून दोन-तीन ग्रॅम मिळतं, पुढे भजी-समोशांवर तुटून पडलो की तिथेच थांबतं. त्याऐवजी उकडलेल्या चण्यांची चाट, सालासकट कापलेली फळं, शरबतात सब्जा. एका पेरूतून पाच-सहा ग्रॅम मिळतात. सहरीला फेणी-दूध हलकं वाटतं, पण तो मैदाच. इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी थोडं थोडं करून प्यावं, कारण पाण्याशिवाय फायबर कब्ज वाढवू शकतं.

इसबगोल, दही आणि कॅप्सूल

इसबगोल हा शब्द फारसी, घोड्याचा कान अशा अर्थाचा. बीच तशा आकाराचं असतं. भुसा पाणी धरून ठेवतो, मल मऊ करतो. पण जिवाणू तो फारसा आंबवू शकत नाहीत. म्हणजे पोट साफ होईल, भाडेकरू मात्र अर्धपोटीच राहतील. तो मोठा पेलाभर पाण्याबरोबरच घ्या, कोरडा गिळला तर घशात अडकू शकतो. दही चांगलंच, पण त्यातले जिवाणू बहुतेक वेळा काही दिवसांचे पाहुणे असतात, मुक्काम करत नाहीत. प्रोबायोटिक कॅप्सूलचं आवरण पुष्कळदा जिलेटिनचं असतं. मेडिकलवाल्याला विचारून घ्या, बिनजिलेटिनची मिळते.

फायबर एकदम वाढवलं की गॅस होतो, पोट फुगतं, आणि घरातले लोक म्हणतात, बघा, भाकरी सोसली नाही. जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. आतड्याला चट्टे, अरुंदपणा किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटची बाब जरा नाजूक आहे. आमच्या नात्यातल्या एका खालांना शौचावाटे रक्त जात होतं. बवासीर असेल म्हणून त्यांनी सात महिने चूर्ण घेतलं, शरमेने कुणाला सांगितलं नाही. सुनेला कळलं ते त्यांना चक्कर येऊ लागली तेव्हा. दुर्बिणीची तपासणी झाली, मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आज त्या बऱ्या आहेत. रक्त मूळव्याधीचंच असेल असं घरबसल्या ठरवता येत नाही. रक्त जाणं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणं, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरणं, यातलं काहीही असेल तर भाकरी आणि इसबगोलवर भागवू नका, डॉक्टर गाठा. घरातल्या बायकांना हे आपणहून विचारा. त्या सांगत नाहीत.