देवघरातला समुद्र

केळव्याच्या किनाऱ्यावर शिंपल्यांना तोटा नाही. तेव्हा जवळच्या काळदुर्गावर किंवा तांदुळवाडीच्या डोंगरातही दगडात रुतलेले शिंपले मिळतील, असे विद्यार्थ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ते मिळत नाहीत. हे डोंगर लाव्हाचे; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात जीवाश्म सापडले खरे, पण ते बेडकांचे. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. बेडूक म्हणजे गोडे पाणी, समुद्र नव्हे.

प्राचीन समुद्रातला प्राणी पाहायचा तर देवघरात डोकवावे. तिथला शाळिग्राम नेपाळमधून, मुक्तिनाथच्या परिसरातल्या गंडकीच्या पात्रातून आलेला असतो. त्यातले चक्र वज्रकीट नावाचा किडा कोरतो, अशी जुनी समजूत आहे. चक्राचा संबंध एखाद्या जीवाशी आहे, एवढे त्या समजुतीत बरोबरच होते. मात्र जीवाने दगड कोरला नाही, दगड जीवाच्या शंखाभोवती घडला. हा जीव म्हणजे अमोनाइट, कोळणीच्या पाटीतल्या माकुलाचा दूरचा नातलग. त्याच्या शंखात कप्पे असत. प्राणी सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राही. मेल्यावर शंख तळाच्या चिखलात पुरला जाई आणि भोवती क्षार साचून कठीण गोळा बने. (घरचा शाळिग्राम फोडू नये! पुष्कळदा भोकातूनच चक्राच्या कडा दिसतात.)

असेच काळे थर हिमाचलातल्या स्पीतीत आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले तरुण संशोधक फर्डिनांड स्टोलिच्का १८६४ आणि १८६५ मध्ये तिथे हिंडले. थरांची नोंद करावी, जीवाश्म गोळा करावेत, पुढची खिंड ओलांडावी, असा क्रम. विरळ हवेने प्रकृती ढासळली, तरी १८७३ मध्ये ते यार्कंदच्या मोहिमेवर निघालेच. परतताना काराकोरम खिंड ओलांडल्यावर, १९ जून १८७४ रोजी लडाखमधल्या मुर्गो येथे ते वारले. वय अवघे ३६. लेहला त्यांचे स्मारक आहे.

त्या हरवलेल्या समुद्राला 'टेथिस' हे नाव एडुआर्ड स्यूस यांनी १८९३ मध्ये दिले. पण समुद्रतळ इतका उंच गेला कसा? भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला, हे उत्तर १९६० च्या दशकानंतरच सर्वमान्य झाले.

अमोनाइट पृथ्वीवरून नाहीसे झाले, त्या सुमारास आपल्याकडे लाव्हा वाहत होता. शाळिग्रामातला प्राणी मात्र सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. काळदुर्गाच्या दुपटीहून जुना.