वैद्यकीय गणक सॉफ्टवेअर

वैद्यकीय गणक सॉफ्टवेअर म्हणजे रुग्णाचे वय, वजन, उंची, रक्ततपासणीचे आकडे इत्यादी माहितीवरून औषधाची मात्रा, अवयवाची कार्यक्षमता किंवा आजाराची तीव्रता काढून देणारी संगणकप्रणाली होय. व्यवहारात तिला ‘मेडिकल कॅल्क्युलेटर’ असे म्हणतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशी सॉफ्टवेअर खिशात मावणाऱ्या हस्तसंगणकांवर वापरली जाऊ लागली. आज ती प्रामुख्याने स्मार्टफोनवर वापरली जातात. आकडेमोड यंत्र अचूक करत असले, तरी योग्य सूत्र निवडणे, योग्य एककात माहिती भरणे आणि उत्तराचा अर्थ लावणे ही कामे डॉक्टरांनाच करावी लागतात.

इतिहास

संगणकापूर्वी डॉक्टर छापील कोष्टके आणि आलेखपट्ट्या वापरत. उंची व वजनाच्या रेषांवर पट्टी ठेवून शरीराचे पृष्ठफळ वाचणे ही त्यातील एक रूढ पद्धत होती. १९७४ मध्ये ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-६५ हे प्रोग्रॅम करता येणारे खिशातील गणकयंत्र बाजारात आणले. त्यासाठी वैद्यकीय सूत्रे साठवलेल्या चुंबकीय पट्ट्यांचा संचही मिळत असे.

मार्च १९९६ मध्ये ‘पायलट’ हा पामचा हस्तसंगणक आला. त्याच्या पहिल्या प्रतिकृतीची स्मृती केवळ १२८ किलोबाइट होती. सूत्रांना फारशी जागा लागत नसल्याने या यंत्रावर वैद्यकीय गणक सहज बसत. मथियास चॉप यांचे ‘मेडकॅल्क’ आणि फिलिप चेंग यांचे ‘मेडमॅथ’ ही पाम यंत्रांसाठीची विनामूल्य सॉफ्टवेअर डॉक्टरांनी तयार केलेली होती. (मेडकॅल्क याच नावाचे एक संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर आहे, ते वेगळे.) १९९९ मध्ये ‘एपोक्रेट्स’ हा औषधांची माहिती देणारा संग्रह पामवर आला. २००५ मध्ये ‘एमडीकॅल्क’ हे संकेतस्थळ सुरू झाले. जुलै २००८ मध्ये आयफोनचे अ‍ॅप स्टोअर खुले झाल्यानंतर हस्तसंगणकांची जागा हळूहळू स्मार्टफोनने घेतली.

प्रमुख सूत्रे

गणकांतील सूत्रे साधारणपणे दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात गणिती समीकरण असते. दुसऱ्यात लक्षणांना गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. नवजात बालकासाठीची अ‍ॅपगार गुणपद्धती (१९५३) आणि शुद्धीची पातळी मोजणारी ग्लासगो कोमा मोजपट्टी (१९७४) ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे होत.

समीकरणांपैकी कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र (१९७६) मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज देते. १४० मधून वय वजा करून येणाऱ्या संख्येला वजनाने गुणावे आणि रक्तातील क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणावे. वय ७० वर्षे, वजन ५४ किलो आणि क्रिएटिनिन १.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असलेल्या पुरुषाचे उत्तर मिनिटाला ३५ मिलिलिटर येते. क्रिएटिनिन थोडेच वाढलेले दिसत असले, तरी मूत्रपिंडाचे कार्य बरेच घटलेले आहे हे यातून कळते. अशा रुग्णात मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या अनेक औषधांची मात्रा कमी करावी लागते.

पनवेल व रायगड परिसराशी संबंधित उदाहरणे

पनवेल हे रायगड जिल्ह्यातील वाहतुकीचे मोठे केंद्र आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोली येथे सुरू होतो. कोकणात जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासून निघतो. तळोजा व पाताळगंगा या औद्योगिक वसाहतीही याच परिसरात आहेत. औद्योगिक भागात भाजण्याचे अपघात संभवतात. अशा रुग्णांना शिरेवाटे द्यायच्या द्रवासाठी पार्कलंड सूत्र वापरतात: वजन, भाजलेल्या भागाची टक्केवारी आणि ४ मिलिलिटर यांचा गुणाकार. ५० किलो वजनाच्या व ३० टक्के भाजलेल्या व्यक्तीसाठी पहिल्या २४ तासांचा अंदाज ६,००० मिलिलिटर होतो. त्यातील निम्मा द्रव पहिल्या आठ तासांत द्यायचा असतो आणि हे तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, तर भाजल्याच्या क्षणापासून मोजतात. पोहोचण्यास तीन तास लागले असतील, तर ३,००० मिलिलिटर उरलेल्या पाच तासांत, म्हणजे ताशी ६०० मिलिलिटर या वेगाने द्यावे लागतात. हा गणिताने मिळालेला प्रारंभबिंदू असतो. पुढे लघवीच्या प्रमाणावरून वेग बदलला जातो.

याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरले. त्यांची निरीक्षणे १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. या उपचारात मुलांसाठीची मात्रा दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम अशी सांगितली जाते. १२ किलोच्या मुलासाठी ती ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ०.३६ मिलिग्रॅम होते. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट होते आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

मर्यादा

मापनातील किंवा एककातील चूक गणकाला ओळखता येतेच असे नाही. क्रिएटिनिन भारतात मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर अनेक देशांत मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, दोहोंत ८८.४ पटींचा फरक आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील कृत्रिम भिंगासाठीच्या जुन्या एसआरके सूत्रात डोळ्याची लांबी एक मिलिमीटरने चुकली, तर भिंगाची शक्ती अडीच डायॉप्टरने चुकते.

सूत्र कोणत्या लोकसमूहावर आधारलेले आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र कॅनडातील २४९ रुग्णांच्या नोंदींवरून तयार झाले आणि त्यांत प्रामुख्याने पुरुष होते. शरीरवस्तुमान निर्देशांकाची जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण मर्यादा २५ आहे. भारतीयांमध्ये चयापचयाचे आजार कमी निर्देशांकालाही आढळत असल्याने येथे २३ पासून वजन जास्त मानण्याची शिफारस आहे. त्यामुळे १६० सेंटिमीटर उंची व ६१ किलो वजनाची व्यक्ती (निर्देशांक २३.८) एका गणकात ‘सामान्य’, तर दुसऱ्यात ‘जास्त वजनाची’ ठरते. मुलांच्या वाढीसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये पाच ते अठरा वर्षे वयोगटाचे सुधारित भारतीय तक्ते स्वीकारले. त्यांच्या निर्मितीत पुण्यातील संशोधकांचा प्रमुख वाटा होता.

सूत्रे कालांतराने बदलतातही. मूत्रपिंडाच्या सीकेडी-ईपीआय सूत्रातील (२००९) वंशाचा गुणक २०२१ च्या आवृत्तीत वगळण्यात आला. जुने सूत्र वापरणारे, अद्ययावत न केलेले सॉफ्टवेअर त्यामुळे वेगळे उत्तर देऊ शकते.

नियमन

भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने निदान, उपचार आदी वैद्यकीय हेतूंसाठी असलेल्या सॉफ्टवेअरचाही उपकरणांच्या व्याख्येत समावेश केला. ती १ एप्रिल २०२० पासून अमलात आली.

हेही पहा

हस्तसंगणक
शरीरवस्तुमान निर्देशांक
हिंमतराव बावस्कर
पनवेल