दाढदुखीमागील रसायने

दिवसभर सोसण्याजोगी असलेली दाढदुखी रात्री अंथरुणाला पाठ टेकताच असह्य होते, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. या ठणक्यास कीड जबाबदार असतेच. पण मज्जातंतूंतून पाझरणाऱ्या रसायनांचाही त्यात मोठा वाटा असतो.

दाताच्या एनॅमलखाली डेंटिन आणि त्याच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ पल्प असतो. थंड पाण्याने उठणारी क्षणिक, तीव्र कळ प्रामुख्याने 'ए-डेल्टा' तंतूंमुळे, तर रेंगाळणारा ठणका 'सी' तंतूंमुळे जाणवतो. किडीचा संसर्ग पल्पपर्यंत पोहोचला की तेथे दाह वाढतो. ब्रॅडिकायनिन व प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तंतूंना अतिसंवेदनशील करतात. हे तंतू मेंदूकडे संदेश धाडतात, शिवाय 'सबस्टन्स पी' आणि 'सीजीआरपी' ही पेप्टाइडे पल्पमध्येच सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात व सूज येते. भोवतीच्या कठीण डेंटिनमुळे सुजेला जागा मिळत नाही आणि आतील दाब वाढतो. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढून त्यात भर पडते.

'सबस्टन्स पी'चा शोध उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी १९३१ मध्ये लावला. ते ११ अमिनो आम्लांची साखळी असल्याचे पुढे स्पष्ट झाले. दातातील संदेश ट्रायजेमिनल मज्जातंतूमार्गे मेंदूच्या देठापर्यंत जातो. तेथे ग्लुटामेट व 'सबस्टन्स पी' तो पुढील पेशीकडे सोपवतात. अनेक दातांचे संदेश तेथे एकाच पेशीवर एकवटत असल्याने नेमकी कोणती दाढ दुखते, हे रुग्णाला अनेकदा सांगता येत नाही.

उपचारही याच साखळीत हस्तक्षेप करतात. आयबुप्रोफेनमुळे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटते, तर लिडोकेनचे इंजेक्शन तंतूंमधील सोडियमचे मार्ग रोखून संदेश थांबवते. लवंगेच्या तेलातील युजेनॉल 'टीआरपीसी५' हा मार्ग अडवते. दाताला थंडपणा जाणवण्यात या मार्गाचा वाटा असल्याचे २०२१ मध्ये उंदरांवरील संशोधनातून दिसून आले.

हे उपाय वेदना शमवतात, कीड नव्हे. तीव्र दाढदुखी उपचाराविना एकाएकी थांबली, तर ती बरे झाल्याची खूण मानू नये. पल्प मृत झाल्याने संदेश देणारे तंतूच उरलेले नसतात. संसर्ग मात्र मुळाशी पसरत राहतो. अशा वेळी दंतवैद्याकडे जाणे लांबणीवर टाकल्यास रूट कॅनालने वाचू शकणारा दातही गमावण्याची वेळ येते.