डीसी मोटर कशी निवडायची? देखावा असो वा रोबोट, विकत घेण्याआधी करा हा सोपा हिशोब

गणपतीच्या देखाव्यात विहिरीवरचा रहाट फिरवायचाय. धरमतर खाडीच्या प्रतिकृतीत होडी चालवायचीय. किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी छोटा रोबोट बनवायचाय. या सगळ्यांना लागणारी गोष्ट एकच, ती म्हणजे छोटी डीसी मोटर.

गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणपासून धरमतरपर्यंत काय, किंवा राज्यात कुठेही काय, चलत देखावे करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "मोटर नुसती फिरते मस्त, पण वजन लावलं की थांबते." काही वेळा ती गरम होऊन जळते. बहुतेक वेळा दोष मोटरचा नसतो. ती फक्त '१२ व्होल्ट' एवढंच बघून घेतलेली असते.

डीसी मोटरच का?

डीसी मोटर बॅटरीवर किंवा अडॅप्टरवर चालते. व्होल्टेज कमी केलं की वेग कमी होतो. दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. घरगुती प्रोजेक्टसाठी हे फार सोयीचं आहे.

तिचा आणखी एक गुण म्हणजे सुरू होताना ती सर्वात जास्त जोर लावते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची रेल्वे धावली, तीही १५०० व्होल्ट डीसीवर. उभी गाडी हलवायला असाच जोर लागतो. पण जोर वाढला की करंटही वाढतो. मोटर जळण्याचं मूळ इथेच आहे.

लेबलवर काय वाचायचं?

चार आकडे महत्त्वाचे:

• व्होल्टेज: मोटर किती व्होल्टवर चालवायची.
• आरपीएम: एका मिनिटात किती फेरे. हा आकडा बहुतेकदा वजन न लावता मोजलेला असतो. वजन लावल्यावर वेग कमी होतो.
• टॉर्क: फिरवण्याचा जोर. दुकानात तो 'किलो-सेंटीमीटर'मध्ये सांगतात. १० किलो-सेंटीमीटर म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून १ सेंटीमीटरवर १० किलो किंवा १० सेंटीमीटरवर १ किलो वजन पेलण्याइतका जोर.
• स्टॉल करंट: मोटर अडकून थांबली तर ती खेचते तो करंट. नेहमीच्या करंटपेक्षा हा कित्येक पट असतो.

'स्टॉल टॉर्क' आणि 'रेटेड टॉर्क' यांत गल्लत करू नका. स्टॉल टॉर्क म्हणजे मोटर थांबेपर्यंतचा जोर. त्याच्या पाव ते एक तृतीयांश एवढ्यातच काम भागलं पाहिजे. त्यापुढे मोटर तापते.

हिशोब कसा करायचा?

रहाटाचंच उदाहरण घ्या. दोरीला १ किलोची बादली आहे. दोरी गुंडाळणाऱ्या रुळाची त्रिज्या २ सेंटीमीटर आहे. बादली १० सेकंदांत ३० सेंटीमीटर वर यायला हवी.

टॉर्क: १ किलो × २ सेंटीमीटर = २ किलो-सेंटीमीटर. घर्षण आणि सुरक्षिततेसाठी तिप्पट धरा, म्हणजे ६.

वेग: रुळाचा घेर साधारण १२.६ सेंटीमीटर. ३० सेंटीमीटरसाठी जवळपास २.४ फेरे. १० सेकंदांत २.४, म्हणजे मिनिटाला सुमारे १४ फेरे.

म्हणजे हवी १५ ते २० आरपीएमची, किमान ६ किलो-सेंटीमीटर रेटेड टॉर्कची गिअर मोटर. गंमत म्हणजे बादली उचलायला लागणारी प्रत्यक्ष शक्ती अर्ध्या वॉटपेक्षाही कमी आहे. इथे मोठी मोटर नको, योग्य गिअर हवा. मिनिटाला ६००० फेरे मारणाऱ्या मोटरला ३०० पट गिअर लावला, तर शाफ्टवर २० फेरे उरतात आणि जोर कित्येक पटींनी वाढतो.

कोणत्या कामाला कोणती मोटर?

• छोटा पंखा, होडीचा पंखा: खेळण्यातली साधी मोटर, गिअरशिवाय.
• हलका रोबोट: पिवळ्या प्लॅस्टिक गिअरची 'बीओ' मोटर. जड कामाला ती टिकत नाही.
• रहाट, झोका, फिरती चक्रं: धातूच्या गिअरची १२ व्होल्ट गिअर मोटर.
• मोठा फिरता मंच: गाडीची वायपर मोटर. जोर भरपूर, पण करंटही जास्त. मंचाचं वजन बेअरिंगवर ठेवा, मोटरच्या शाफ्टवर नको.
• मान किंवा हात ठरावीक कोनात हलवणं: सर्व्हो मोटर.
• मोजून मापून थोडंथोडं फिरवणं: स्टेपर मोटर.

मायक्रोवेव्हमधली थाळी फिरवणारी मोटर दिसायला गिअर मोटरसारखीच असते, पण ती अनेकदा २३० व्होल्ट एसीवर चालते. लेबल वाचल्याशिवाय तिला हात लावू नका.

कुठे मिळेल?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर हे इलेक्ट्रॉनिक्सचे जुने बाजार. ऑनलाइनही मोटर मिळते, पण टॉर्क आणि स्टॉल करंट लिहिलेला नसेल तर घेऊ नका.

भंगारातली मोटरही चालते. जुने प्रिंटर, खेळणी आणि गाड्यांमधून चांगल्या मोटर निघतात. लेबल नसेल तर ३ व्होल्टपासून सुरुवात करून व्होल्टेज हळूहळू वाढवा. शाफ्टला चिकटपट्टीचा तुकडा लावून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला की गिअर मोटरचे फेरे मोजता येतात.

मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध मोजा. शाफ्ट थोडा थोडा फिरवत तीन-चारदा मोजून सर्वात कमी आकडा घ्या. व्होल्टेजला त्याने भागलं की स्टॉल करंटचा अंदाज येतो. १२ व्होल्ट आणि ३ ओहम असेल, तर ४ अँपिअर.

जळू नये म्हणून काय कराल?

मोटर थेट अर्डुइनोच्या पिनला जोडू नका. त्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे. मध्ये ड्रायव्हर हवाच. तोही स्टॉल करंट पेलणारा निवडा. लोकप्रिय 'एल२९८एन' ड्रायव्हर प्रत्येक बाजूला २ अँपिअरपर्यंतच चालतो आणि सुमारे २ व्होल्ट स्वतःच खातो. म्हणजे १२ व्होल्ट दिले तर मोटरला १० च्या आसपास मिळतात.

फ्यूज लावा. बादली वर पोहोचल्यावर मोटर थांबावी म्हणून लिमिट स्विच लावा. वीज गेल्यावर वजन खाली घसरू नये यासाठी वर्म गिअरची मोटर बरी.

खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत वायरींची टोकं लवकर गंजतात. म्हणून बंद बॉडीची मोटर घ्या आणि जोड झाकून ठेवा.

शेवटची चाचणी मात्र चुकवू नका. पूर्ण वजन लावून मोटर अर्धा तास सलग चालवा आणि मग वीज बंद करून हात लावून पाहा. हात ठेववत नसेल, तर ती मोटर त्या कामाची नाही. देखावा रोज संध्याकाळी तासन् तास चालतो, आजूबाजूला कापड आणि कागद असतो आणि समोर लहान मुलं उभी असतात.

थोडक्यात: आधी वजन, मग वेग, मग टॉर्क, मग करंट. मोटरचं दुकान त्यानंतर.