पार्क व्ह्यू आणि पाणी
आपल्या बोरिवलीत दलाल आधी 'नॅशनल पार्क व्ह्यू' म्हणतो, मग भाव सांगतो. मला त्या जंगलाची खरी किंमत पाण्यात दिसते. १८५४ साली मुंबईत पाण्याचे भयंकर हाल झाले, म्हणून मिठीच्या उगमाकडे विहार तलाव बांधला गेला. १८६० मध्ये तो पूर्ण झाला, १८७९ मध्ये तुळशी. पाणलोट राखायचं म्हणून भोवतालचं रान टिकलं. नाहीतर तिथंही सोसायट्याच झाल्या असत्या, आपल्यासारख्या! पुढे तानसा, भातसाचं पाणी थेट शहापूर तालुक्यातून नळ टाकून आणावं लागलं. मुंबईच्या सात तलावांपैकी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. मे महिन्यातल्या टँकरचा खर्च आपल्या ताळेबंदात असतो. जंगलाच्या पाण्याची ओळ मात्र कुठल्याच वर्षी नव्हती.